पुढचं वाक्य

पहिलं वाक्य ठीक होतं. दुसरं वाक्य मास्तरांनी कुठल्याच तालमीत ऐकलं नव्हतं. हे नाटकातलं नव्हतं.

पोरगी रंगमंचाच्या पुढच्या कडेला उभी होती, प्रेक्षकांकडे तोंड करून. उजेड तिच्या एकटीवर. मास्तर तीन पावलं मागे, खिडकीशी पाठमोरे. नाटकात ते तिचे वडील होते, आणि घरीही. शेवटच्या अंकातलं हे तिचं स्वगत. बापाने लग्नाला नकार दिलाय आणि ती आता नदीकडे जाणार, हे ती मनाशी बोलते. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही ते ऐकू जातं. तीन पावलांवरच्या बापाला मात्र त्यातलं अक्षरही ऐकू येत नाही, असं नाटकात धरून चालायचं असतं.

"घरी तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही," ती म्हणत होती. "म्हणून इथे सांगते. इथे तुम्हाला मध्येच तोडता येत नाही."

विंगेत पुस्तक घेऊन बसलेल्या प्रॉम्प्टरला वाटलं, पोरगी वाक्य विसरली. त्याने खरं वाक्य कुजबुजत दोनदा पुढे सरकवलं. तिने तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

मास्तर हलले नाहीत. समोरच्याचं स्वगत चालू असताना खांदासुद्धा हलवायचा नाही, हे त्यांनीच तिला शिकवलं होतं. कुणाचा हललाच, तर तालमीत त्याची बिनपाण्याने व्हायची. "ऐकू आलं असं दिसलं, की नाटक मेलं," हे त्यांचं ठरलेलं बोलणं.

"तीन महिने झाले, बाबा. त्याचा विषय काढला की तुम्हाला तहान लागते. नाहीतर तालमीची वेळ होते."

तो म्हणजे नाटकाचं नेपथ्य उभारणारा सुतार. मास्तर ज्या खिडकीशी उभे होते, ती त्यानेच बनवलेली. पोरगा कामाला चोख होता, बोलायला मोजका. त्याच्यात खोट काय, हे मास्तरांना कधी धड सांगता आलं नव्हतं, म्हणून तर ते विषय टाळत आले होते.

"त्याला परगावी काम मिळालंय. टेम्पोत सामान भरून तो मागच्या दाराशी उभा आहे. मला असं जायचं नाहीये, बाबा. पुढचं वाक्य तुमचं आहे. फक्त थांब म्हणा. मी थांबते, त्यालाही थांबवते, मग घरी बसून तिघं बोलू. पण नाटकातलंच बोललात, तर माझं उत्तर मला पाठ आहे."

प्रेक्षागृहात कुणी हलेना. लोकांना वाटलं, नाटकच रंगलंय.

मास्तर वळले आणि तिच्याजवळ आले. नाटकात या जागी त्यांनी वळून जवळ यायचंच होतं. येऊन विचारायचं होतं, "काही म्हणालीस का, बाळ?" या एका वाक्यावर मास्तरांचा भारी जीव. नव्या नटांना ते हेच वाक्य समजावून सांगत. "बाप बहिरा नाही रे. पोरगी काळीज उघडं करते आणि हा विचारतो, काही म्हणालीस का. बाप कसा आहे हे सांगायला लेखकाला दुसरं वाक्य लागलं नाही." असं म्हणून स्वतःच्याच समजावण्यावर खूश होत.

आता त्यांना फक्त दोन अक्षरं बोलायची होती. पोरगी समोर होती. हात लांब केला असता तर तिचा खांदा हाताला लागला असता. मास्तरांनी तोंड उघडलं. एकतीस वर्षांत पुस्तकाबाहेरचा एक शब्द त्यांनी रंगमंचावर उच्चारला नव्हता. त्यांना भीती वाटली. पोरगी जाईल याची वाटलीच, पण समोर अंधारात बसलेल्या चारशे माणसांची जास्त वाटली. तोंड तसंच उघडं राहिलं.

प्रॉम्प्टरच्या तोंडचं पाणी पळालं. आता बापही विसरला! त्याने जीव तोडून वाक्य कुजबुजलं. एकदा, दोनदा.

तिसऱ्यांदा ते मास्तरांच्या तोंडून बाहेर पडलं. "काही म्हणालीस का, बाळ?"

ती थांबली. नाटकात थांबायची त्याहून बराच वेळ थांबली. त्यांच्या बाहीला लागलेला रंग तिने अंगठ्याने पुसला. हे पुस्तकात नव्हतं.

"काही नाही, बाबा."

आणि ती विंगेत गेली.

नदीवरून नोकर निरोप घेऊन येईपर्यंत बापाने रंगमंचावरच राहायचं असतं. अकरा मिनिटं. मास्तरांनी दिवा लावला. तिच्यासाठी आलेल्या स्थळाचं पत्र उघडलं. पत्र वाचताना हसायचं होतं, ते हसले. तेवढ्यात भिंतीपलीकडे टेम्पो सुरू झाला. आधी जागच्या जागी घरघरला, मग मागे झाला, मग पुढे. मास्तर पत्राची दुसरी बाजू वाचत राहिले. आवाज रस्त्याला लागला आणि ऐकू येईनासा झाला.

नोकर धावत आला. "मालक, ताई गेल्या!"

मास्तर मटकन खाली बसले. या जागी तीन हुंदके द्यायचे होते. पडदा पडला तरी त्यांचं रडणं थांबेना. पलीकडे टाळ्यांचा कडकडाट चालू होता.

प्रॉम्प्टर पुस्तक छातीशी धरून धावत आला. वाकून त्याने मास्तरांच्या पाठीवर हात ठेवला.

"पोरीने अख्खं स्वगत सोडलं हो, मास्तर! नशीब, तुम्ही तरी तुमचं वाक्य सोडलं नाहीत."