पुतळीची वाचा

“तो बघ गो, शिंजीर. शेवग्याच्या फुलात चोच घालतोय,” जनू म्हणाला.

पडवीतल्या खाटेवर उशीला टेकून बसलेल्या पुतळीनं मान वळवून पाहिलं. ऐन थंडीत तिला लकव्याचा झटका आला होता. उजवा हात आता थोडा हलू लागला होता, पण गेलेली वाचा परत आली नव्हती. पेणच्या डॉक्टरांनी जनूला बजावलं होतं, “तिच्याशी बोलत राहा. ऐकून ऐकूनच शब्द परत येतील.”

पण बोलायचं काय? जनूचा जन्म मिठागरात राबण्यात गेला. घरी आल्यावर ‘जेवाय वाढ’ आणि ‘दिवा मालव’ यापलीकडे बायकोशी त्याची जीभ कधी वळली नव्हती. मग समोर दिसेल तेच तो सांगू लागला. आंब्याच्या मोहोरावर घोंगावणाऱ्या माश्या. तारेवरून झेप घेऊन मधमाशी टिपणारा वेडा राघू. बांधावरची सावर लाल फुलांनी भरली, तशी तिच्यावरची साळुंक्यांची भांडणंही त्यानं रंगवून सांगितली.

हळूहळू पाखरांवरून गाडी घरावर आली. लग्नात तिच्याकडे बघायलासुद्धा आपण किती लाजलो होतो, ते त्यानं सांगितलं. मुलाच्या, अमोलच्या जन्माच्या वेळी ती अडली, तेव्हा दवाखान्यामागे जाऊन रडलो होतो, तेही सांगितलं. हे त्यानं आजवर कुणापाशीच काढलं नव्हतं.

पुतळीचे डोळे भरून आले. तिनं डाव्या हातानं त्याचं मनगट धरलं.

“एक शब्द तरी बोल गो,” जनू कळवळून म्हणाला. “शिवी दे, पण बोल.”

तिचे ओठ हलले. मग मिटले.

दुपारी तो गोळ्या आणायला वडखळला निघाला. गडबच्या नाक्यावर पोचल्यावर ध्यानात आलं, पाकीट घरीच राहिलं. ऊन चढलं होतं, म्हणून तो जवळच्या वाटेनं मागल्या दारी आला. दार लोटणार, तोच आतून सुनेचा आवाज आला.

“आई, आता तरी सांगा ना बाबांना,” नम्रता म्हणत होती. “किती जीव तुटतो त्यांचा.”

जनूचा हात दारावरच थांबला.

“नको गो,” पुतळीचा आवाज आला. जड, थांबत थांबत, पण स्वच्छ. “इतक्या वर्सांनी आत्ता कुठं बोलाय लागलाय तो. मी बोलले, तर परत गप व्हईल.”