संध्याकाळची चक्कर

"बाबा, रविवारी येऊन राहिलो मी. गाडी विकून टाकू. चाबी काढून ठेवा."

गौरांगचा हैदराबादहून आलेला हा फोन विष्णूंनी ठेवला. बापाला मुलानं हुकूम सोडायचे दिवस आले होते. त्यांनी चाबी खुंटीवरून काढली आणि सदऱ्याच्या खिशात घातली.

उभा जन्म त्यांनी फॅक्टरीत लष्कराचे ट्रक चालवून तपासले होते. निवृत्तीनंतर वाट्याला आला हा तळमजल्यावरचा फ्लॅट. खिडकीला जाळी, बाल्कनीला जाळी, दाराला जाळी. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तसे ते दिवसभर चांगले नळ उघडून पुन्हा घट्ट करत बसायचे. चहा झाला की मात्र अंगात जीव यायचा.

"चलो कुमुद, चक्कर मारू. घरात बसून बसून बोर होऊन राहिली तू."

आपण बोर होतो असं त्यांची बायको कुमुद कधी म्हणाली नव्हती. पण ती उठायची.

आधीची गाडी ओमतीच्या चौकात एका स्कूटरला घासली, तेव्हा गौरांगनं भांडून ती विकायला लावली होती. विष्णूंनी अन्नच टाकलं. शेवटी कुमुद शेजारच्या भय्यासाहेबांना सोबत घेऊन गेली आणि ही सेकंडहँड गाडी दारात आणून उभी केली. जिला क्लच कशाला म्हणतात ते ठाऊक नाही, तिनं गाडी पसंत करावी! छपरावर लांबी भरून बुजवलेली भोकं, दारांवर खरवडून काढलेल्या अक्षरांचे डाग. विष्णूंनी नाक मुरडलं. पण कुमुदला शेजारी बसवून चालवून पाहिली आणि चाबी खिशात घातली. ब्रेक असे, की नुसतं मनात यावं आणि गाडी थांबावी.

तेव्हापासून रोजची चक्कर ठरलेली. कधी सदर बाजाराच्या गर्दीतून, कधी थेट बरगी धरणाच्या रस्त्याला. काच खाली केली की विष्णूंना वाटायचं, सुटलो बुवा.

कुमुदला मात्र हौस अशी नव्हती. पायाशी सतरंजीसारखी जाड दरी अंथरलेली, भर उन्हाळ्यातसुद्धा. चपला काढून, पदर खोचून ती बसायची आणि नजर समोर.

"अगं, बाजूला बघ. नर्मदा दिसून राहिली."

"दिसली," ती समोर बघतच म्हणायची.

एकदा भय्यासाहेबांच्या पत्नी राधाबाई पुढे बसायला गेल्या. एरवी कुणाला 'नाही' न म्हणणारी कुमुद दार धरून उभी राहिली. "दीदी, आप पीछे बैठिए. मुझे पीछे उलटी होती है."

घरी आल्यावर ती पायाला तेल चोळत बसायची.

"बसल्या बसल्या पाय काहून दुखते तुझा?" विष्णू विचारायचे.

"वय झालं."

फॅक्टरीतले जुने उस्ताद नवख्या ड्रायव्हरची परीक्षा एकाच गोष्टीवरून घेत. खाली वाकून ब्रेकच्या पेडलचं रबर बघत. झिजलं असेल तर गडी कच्चा, सारखा घाबरून पाय मारणारा. विष्णू कुमुदला आपलं पेडल कौतुकानं दाखवत. "बघ. आणली तेव्हा होतं तसंच आहे."

"आहे खरं," कुमुद म्हणायची.

शनिवारी तिचा गुडघा टम्म सुजला.

"आज नको हो. पाय उचलत नाही."

"तुले कुठं पाय उचलायचा आहे? बसायचं तर आहे!"

"नको म्हटलं ना! आणि एकटे जाऊ नका." तिचा आवाज कधी नव्हे तो चढला.

विष्णूंना फार लागलं. मुलगा तर मुलगा, आता हीसुद्धा कुलूप घेऊन दाराशी बसली. उद्या गौरांग येणार, चाबी नेणार, मग मरेपर्यंत या जाळ्या मोजायच्या. गोळी घेऊन कुमुदचा डोळा लागला, तसे ते उठले. सदरला जाऊन तिच्या गुडघ्याला बाम आणू, तिच्या आवडीची खव्याची जिलेबी आणू. मग रागवेल का ती?

गाडी सुरू झाली आणि त्यांच्या मनावरचं ओझं उतरलं. एकट्यानं चालवायचं सुख काही औरच होतं.

सोसायटीच्या फाटकाचं एक दार चौकीदार अंबादास ओढून घेत होता. विष्णूंच्या मनात आलं, थांबावं.

गाडी थांबली नाही.

"साब, ब्रेक!" अंबादासनं ओरडत बाजूला उडी मारली. विष्णूंचा पाय पेडलवर पोहोचला, पण गाडी त्याआधीच फाटकावर पोहोचली होती. एक दिवा फुटला. अंबादासला खरचटलंही नव्हतं.

ब्रेक फेल झाले, दुसरं काय. त्यांनी पेडल दाबून पाहिलं. चांगलं घट्ट होतं. त्यांनी वाकून रबर पाहिलं. नव्यासारखं होतं.

वाकल्या वाकल्याच त्यांची नजर पलीकडे गेली. धक्क्यानं कुमुदची दरी सरकली होती. तिच्या पायांच्या जागी आणखी एक ब्रेक होता, ड्रायव्हिंग शिकवायच्या गाडीत मास्तरांच्या पायाशी असतो तसा, आणि त्याचं रबर झिजून आतलं लोखंड दिसत होतं.