आळणी तुकडा

पाचही ताटल्या रिकाम्या झाल्या होत्या आणि पाचही फॉर्मवर एकच शब्द होता: भारी.

भाग्यश्रीने फॉर्म पुन्हा चाळले. 'क' माशापुढे भारी, 'ख' माशापुढेही भारी. वासापुढे भारी. मऊपणापुढे बाळासोंनी दोनदा भारी लिहून खाली रेघ मारली होती. मग तिचं लक्ष ताटलीच्या कडेला राहिलेल्या तांबड्या तवंगाकडे गेलं.

"शालूबाई, मासा नुसता उकडायचा ठरला होता ना?"

"उकडलाच हाय की." शालूबाई पदराला हात पुसत सोप्यात आली. "मग वरनं जराशी चटणी सोडली."

"जराशी?"

"माणसं बोलवून बसवायची आन् आळणी मासा वाढायचा? उद्या गावात तोंड दावाय नको व्हय?"

बाळासो अजून नाक पुसत होते. भाग्यश्रीने फॉर्म खाली ठेवले.

धरणातल्या दोन पिंजऱ्यांत सहा महिने चिलापी मासे वाढवले होते. पिंजरे शालूबाईच्या बचत गटाचे, खाद्य भाग्यश्रीच्या संस्थेचं. एका पिंजऱ्याला नेहमीचं, मासळीचं तेल घातलेलं. दुसऱ्याला बियांच्या तेलाचं. खाणाऱ्याला चवीत फरक लागतो का, एवढंच आज कळायचं होतं. ते लिहून संस्थेकडे गेलं नाही, तर पुढच्या हंगामाला गटाला हे खाद्य मिळणार नव्हतं. आणि बाकीचा मासा सकाळीच टेम्पोत भरून बाजाराला गेला होता.

"ते बियांचं तेल म्हंजे आपलं गोडंतेलच न्हवं?" गणपतरावांनी दातात काडी घालत विचारलं.

"नाही, काका. मोहरीच्या जातीतलं पीक आहे, पण समुद्रातल्या शेवाळाचा गुण त्यात आणलाय. मासळीच्या तेलात जे पोषक असतं, ते या बियांतच तयार होतं. नाहीतर एक किलो तेलासाठी वीस-वीस किलो बारकी मासळी पिळतात."

"आन् तुम्ही पडला जैन." गणपतरावांनी मांडीवर थाप मारली. "माणसं ऐकंनात म्हणून माशालाच शाकाहारी केलासा व्हय!"

सोपा खदखदून हसला. भाग्यश्रीही हसली, पण लगेच तिचा चेहरा उतरला.

"तेच तर, काका. मला काही खाऊन सांगता येत नाही. तुमच्या जिभेच्या भरवशावर आले होते मी."

शालूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग एकदम थांबली.

"म्याडम, आक्काला दिलाय की आळणी."

आक्का म्हणजे शालूबाईची सासू. वर्ष झालं, डॉक्टरनं तिचं तिखट-मीठ बंद केलं होतं. शालूबाईनं दोन्हीतला एकेक तुकडा आधीच काढून, पाण्यात उकडून आतल्या खोलीत नेऊन दिला होता. "स्टीलच्या वाटीत तुमचा बियांवाला. काचेच्या वाटीत दुसरा. म्हातारीला ठावं न्हाय. हळूहळू खाती, अजून उरला असंल."

उरला होता. आक्का कॉटवर मांडी घालून बसली होती, पुढ्यात दोन वाट्या. भाग्यश्री नवा फॉर्म घेऊन खाली फरशीवर बसली.

"आक्का, दोन्ही वाट्यांतल्या माशात काही फरक लागतोय का?"

आक्काने सुनेकडे पाहिलं. "मला इचारती ही?"

"तुम्हालाच."

मग आक्काने घाई केली नाही. एका वाटीतलं चिमटीत घेऊन, डोळे मिटून, चघळत राहिली. पाण्याचा घोट घेतला. दुसऱ्या वाटीतलं घेतलं. बाहेरची मंडळी दारात येऊन उभी राहिली.

"ह्यो घट्ट," काचेच्या वाटीला बोट लावत ती म्हणाली. "ह्यो मऊ. पर ह्यो पोटाकडला तुकडा हाय, म्हणून मऊ. चव एकच. चिखलाचा वास एकालाबी न्हाय."

भाग्यश्रीने शब्दन् शब्द लिहून घेतला. पाच फॉर्मवर तिने 'चटणी घातली होती' असं लिहिलं आणि ते बाजूला ठेवले.

"पाच बाद, आन् एका म्हातारीवर भागतंय व्हय?" गणपतराव दारातून म्हणाले.

"भागेल की नाही, ठाऊक नाही, काका. पण हा खरा आहे. शालूबाईंनी तुकडा काढून ठेवला म्हणून निदान एक तरी आहे."

शालूबाईने मान खाली घातली. मग हळूच वर बघून हसली.

फॉर्मवर शेवटचा एक प्रश्न उरला होता. "आक्का, आणखी काही सांगायचंय?"

आक्का वाटीतला काटा बोटानं कडेला सारत राहिली.

"वरीस झालं," ती म्हणाली. "समदी इचारत्यात. गोळी घेतली का. झोप लागली का. पोट साफ झालं का. कसं लागलं जेवान, म्हणून कुणी इचारलं न्हाय. आळण्याची काय चव इचारायची, न्हवं? तू इचारलंस. तुझं भलं व्हईल, पोरी."

"हे लिहू?"

"लिव्ह की. आन् म्हणावं, जीभ अजून जाग्यावर हाय. आन् शालीनं मासा झ्याक उकडला हुता, त्येबी लिव्ह."

रकाना एका ओळीचा होता. भाग्यश्रीने फॉर्म उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पहिल्यापासून लिहायला घेतलं.

"सावकाश लिव्ह," आक्का म्हणाली. "मला कुठं जायचंय."