हिरवा दिवा

त्या दिवशीही बाईंनी मनगटावरचा पट्टा तपासणीच्या यंत्राला लावला आणि लाल दिवा लागला. आमच्या कारखान्यात अर्थिंगचा हा पट्टा नीट बसल्याशिवाय कुणालाच टेबलाशी बसू देत नाहीत. अंगातली स्थिर वीज बोटांतून चिपमध्ये उतरली, तर चिप जळते आणि वरून काहीच दिसत नाही. बाईंची कातडी वयाने इतकी कोरडी पडली होती, की पट्टा असून नसल्यासारखा.

"मलम चोळा आणि परत या," मी म्हणाले.

"दोनदा चोळलं, मॅडम. आता काय तेलात बुडवून काढता?"

रांगेतल्या बायका हसल्या. मी हसले नाही. हिरवा दिवा लागला, तेव्हाच त्यांना आत सोडलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाई झोपेतच वारल्या.

रजेनंतर मी कामावर आले, तर त्यांच्या जागी नवी मुलगी बसलेली. मी तिचा पट्टा तपासायला लागले, तशी शेजारच्या टेबलावरची बाईंची मैत्रीण उसळली.

"हिला तरी सुखाने बसू द्या! बाईंना रोज चारचौघांत परत पाठवायचात. एवढं काय वैर होतं हो त्यांच्याशी?"

"एक जरी चिप त्यांच्या हातून गेली असती, तर दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं त्यांना," मी म्हणाले. मी नव्या मुलीचा पट्टा यंत्राला लावला. हिरवा दिवा लागला.

"आत ओळख दाखवायची नाही, ही तिची अट होती. माझी आई होती ती."