अंदाज

काल वीज बनवणाऱ्या भट्टीची भिंत फुटली आणि आज तिथं कामाला असलेल्या विलासची बंद शवपेटी अंगणात आली. पण त्याच्या आईनं, सोनूबाईंनी, पेटीला हार घालू दिला नाही. भट्टीचे कुंभोजकर साहेब मान खाली घालून उभे होते.

"खवळलेल्या आगीपाशी पोराला धाडलंतच कसं?"

"मावशी, आगीतून आम्ही प्रकाशाची तिरीप सोडतो. आतल्या चुंबकानं तिच्या लहरींचा कल फिरतो. किती फिरला त्यावरून आग कशी आहे ते कळतं. काल कल ठीक होता."

"तुम्ही बघितला?"

"तिरीप परतवणारा आतला आरसा काजळलाय. तिरीप पोचतच नाही. कॉम्प्युटरचं मॉडेल अंदाजानं कल सांगतं."

"कवापासून?"

"महिना झाला."

"म्हंजे महिनाभर आगीकडं कुणी बघितलंच न्हाई! अहो, चुलीवर दूध ठेवून तरी कुणी असं बसतं का?"

"मॉडेल आजवर चुकलं नव्हतं, मावशी."

सोनूबाई पेटीजवळ बसल्या. झाकणाचे स्क्रू त्यांनी बोटांनी चाचपले.

"उघडा."

"नको. बघवणार नाही तुम्हाला."

"साहेब, यात माझा लेक हाय, का ह्यो बी तुमचा अंदाजच?"

खांदा द्यायला वाकलेली माणसं हळूच मागे सरली.