हिरो : अर्थ पाचवा

"पुराणातला वीर आणि पावातली काकडी एकाच नोंदीत?" व्याकरणाचे मास्तर चष्मा कपाळावर चढवत म्हणाले.

"लांबट पावाच्या सँडविचला लोक हिरो म्हणतात. म्हणतात ते लिहायचं," कोशकार बाई म्हणाल्या.

शब्दकोशाची शेवटची बैठक होती. पानं उद्या छापखान्यात जाणार होती आणि गाडी 'हिरो'वर अडली होती. दंतकथेतला योद्धा, सिनेमाचा नायक, उगाच भाव खाणारा तरुण, सँडविच. हे चार अर्थ अध्यक्षांनी कुरकुरत का होईना, मान्य केले. पाचव्यावर मात्र त्यांनी बोट ठेवलं.

'हिरो करणे : इतरांना आत कोंडून स्वतः निसटणे.'

"हे कुठून आणलंत?"

"कापड गिरणीमागच्या वस्तीतून. खेळताना कुणी बाहेरून कडी घातली, की तिथली पोरं ओरडतात, 'हिरो केला रे!' म्हाताऱ्या बायकाही म्हणतात. त्या हसत नाहीत."

गिरणीची आग साऱ्या शहराला ठाऊक होती. दार अडकलं आणि नऊ जणी आत जळून गेल्या. मुकादम हात भाजले तरी दार ओढत राहिला, असं वर्तमानपत्रांनी छापलं होतं. शहराने त्याला हिरो म्हटलं, पदक दिलं. तो वारल्यावर चौकात पुतळा उभारला. अनावरणाला त्या वस्तीतलं चिटपाखरूही आलं नाही.

"बाई, एका मेलेल्या माणसाच्या अब्रूचा प्रश्न आहे," अध्यक्ष म्हणाले. "उद्या त्याचे घरचे कोर्टात गेले तर?"

"घरच्यांचं मी बघते."

"तुम्ही काय बघणार? काढा ती ओळ."

"माझं नाव काढा. सव्वीस वर्षांचं काम तुमच्या नावावर छापा, मी हूं की चूं करणार नाही. पण ओळ राहील. नऊ जणींच्या मागे तेवढीच राहिलीय."

अध्यक्षांचा आवाज चढला. "नियम तुमचाच ना? लेखी पुरावा नसेल तर अर्थ नाही. पोरांचं ओरडणं पुरावा नव्हे!"

बाईंनी पर्समधून घडीवर फाटत आलेला एक कागद काढून पुढे सरकवला. अध्यक्ष मोठ्याने वाचू लागले.

'चि. ताईस, दार अडकलं नव्हतं. आग गोदामातल्या मालापर्यंत जाऊ नये म्हणून कडी मी घातली. नंतर काढायला गेलो, तोवर ती तापून लाल झाली होती. वस्तीतल्या बायका खोटं बोलत नाहीत. मी हिरो केला.'

खाली मुकादमाची सही होती.

मास्तरांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"ताई म्हणजे त्याची बहीण?" अखेर अध्यक्षांनी विचारलं.

"मुलगी."

"मग ती हे छापू देईल? स्वतःच्या बापाचं? तिची लेखी परवानगी लागेल, बाई. ती आणा, मी अडवणार नाही."

"नक्की?"

"शब्द देतो."

बाईंनी पेनाचं टोपण काढलं, कागद आपल्याकडे ओढला आणि बापाच्या सहीखाली स्वतःची सही केली.