पाठीवरच्या कड्या

एलेउतेरिओ प्रत्येक पुतळ्याची आधी पाठ बघत होते. बाकीचे पाहुणे वाइनचे पेले धरून समोरून "वा, वा" म्हणत होते, आणि हा म्हातारा लग्नातला कोट चढवून मागच्या बाजूला बोटांनी चाचपत होता. मेक्सिको शहरातल्या त्या झकपक गॅलरीत त्यांच्या लेकीचं, आरासेलीचं, हे पहिलंच प्रदर्शन. सगळे कागदाचे जुडास, येशूला दगा देणाऱ्याच्या नावाचे पुतळे. अंग लाल, डोक्यावर शिंगं, आणि तोंडं मात्र ओळखीची: घरमालक, नगरसेवक, पाणी तोडणारा साहेब.

"कड्या पक्क्या बसवल्यास," ते म्हणाले. पाठीवरच्या त्या कड्यांना फटाके बांधायचे असतात. ईस्टरच्या आदल्या शनिवारी जुडास गल्लीवर टांगायचा, वात पेटवायची, आणि ज्याच्यावर वर्षभर दात ओठ खाल्ले त्याच्या चिंधड्या उडताना पोट धरून हसायचं. एलेउतेरिओंनी जन्मभर हेच जुडास केले. त्यांच्या हातचं एकही काम रविवार बघायला उरलं नाही.

त्यावरूनच बापलेकीचं वाजायचं. लहानपणी आरासेली पुतळ्याचं नाक घासून गुळगुळीत करत बसायची, सुटलेला कागद पिठाची खळ लावून पुन्हा चिकटवायची. बाप ओरडायचा, "असू दे गं! शनिवारी जळायचंच आहे." शेवटी कातावून ती वेगळी राहायला गेली. बोलणं तुटक झालं. आज ते नुसते आले, तरी तिला केवढा आनंद झाला होता! आता फक्त शेवटचा पुतळा त्यांच्या मनाला लागू नये, एवढंच. ती त्यांच्या मागोमाग चालत होती.

कोपऱ्यात ते थबकले. झुपकेदार मिशा, पुढचा पडलेला दात, भुवईवर भाजल्याचा डाग, डोक्यावर गवती टोपी. त्या सगळ्या हरामखोरांच्या रांगेत ते स्वतःच उभे होते.

"माझा जुडास केलास, पोरी?" त्यांनी पुतळ्याच्या टोपीकडे बोट केलं. "शिंगं टोपीखाली लपवलीस काय?"

"आता गं बया!" आई फेलिसितासने कपाळावर हात मारून घेतला. "गल्लीत काय तोंड दाखवू मी? नवरा घरमालकाच्या खांद्याला खांदा लावून उभा!"

आरासेलीला रडू फुटायचंच बाकी होतं. "पाठ बघा ना, पप्पा."

म्हातारा मागे गेला. बोटं खांद्यावरून कमरेपर्यंत उतरली, पुन्हा वर आली. नुसती गुळगुळीत पाठ.

"कड्या कुठायत?"

"नाही लावल्या. बाकीचे या शनिवारी आपल्या गल्लीत उडवू. हा नाही."

गॅलरीच्या मालकिणीने पेला खाली ठेवला. उडवायचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. पण तिच्याकडे बघायला सवड होती कुणाला? एलेउतेरिओ त्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग मान, मग कान. तिथं बोट अडलं.

"कानामागं कागद सुटलाय."

"असू द्या हो," फेलिसितास डोळे पुसत म्हणाली. "तिथं कोण बघतंय?"

"असू द्या कसं?" एलेउतेरिओंनी कोट काढून बायकोच्या हातात दिला आणि बाह्या सारल्या. "अगं, हा रविवारी पण असणार आहे. पोरी, खळ आण."